चार्ज, आकार आणि बोजा

नागपुरात जूनच्या सुरुवातीला येणारं वीजबिल कोणी मुकाट्यानं वाचत नाही. मे महिनाभर पारा पंचेचाळिसाच्या आसपास रेंगाळलेला असतो, खिडकीतला कूलर दिवसरात्र घरघरत असतो, आणि त्या घरघरीचा हिशेब कागदावर आला की घराघरांत त्याचं जाहीर वाचन होतं. आमच्या गल्लीतल्या एक मावशी असंच बिल घेऊन माझ्याकडे आल्या. मी अनुवादाची कामं करतो, त्यामुळे कुठलाही सरकारी कागद मला वाचता येतो असा मोहल्ल्याचा समज आहे. मावशींनी एकेका ओळीवर बोट ठेवलं. स्थिर आकार. वीज आकार. वहन आकार. इंधन समायोजन आकार.

"भाऊ, हे आकार-आकार काय लावून ठेवलं? बिल गोल हाये का चौकोनी हाये?"

मी हसलो खरा, पण उत्तर देताना अडलो. या सगळ्या ओळींमधला 'आकार' म्हणजे इंग्रजीतला 'चार्ज'. तो शब्द मावशी स्वतः दिवसातून दहादा वापरतात. नातवाला 'फोन चार्जिंगला लाव' म्हणतात. नवा डॉक्टर किती चार्ज घेतो ते विचारतात. जावयाकडे दोन टेबलांचा चार्ज आहे हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढतो. मग बिलावर सरळ 'चार्ज' छापलं असतं तर त्या माझ्याकडे आल्याच नसत्या, असं कोणीही म्हणेल. बरीच वर्षं मीही तेच म्हणत होतो. सरकारी मराठीची टिंगल करणं हा आम्हा अनुवादकांचा आवडता धंदा, आणि त्यात मी मागे नव्हतो. आता मात्र माझं मत बदललं आहे, आणि ते बदलायला हाच एक शब्द कारणीभूत ठरला.

शहरात एक दिवस कान उघडे ठेवून फिरा. बर्डीवर ई-रिक्षावाला सांगेल, गाडीत चार्ज नाही, सदरपर्यंत येत नाही. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या आवारात कोणी कोणाला सांगत असेल की आज चार्ज फ्रेम झाला. जवळच्याच एखाद्या कार्यालयात साहेब नाहीत, त्यांचा चार्ज दुसऱ्या साहेबांकडे आहे, आणि दुसरे साहेब दौऱ्यावर आहेत. दवाखान्यात खोलीचा चार्ज वेगळा, नर्सिंगचा वेगळा. डिसेंबरात अधिवेशन भरलं की मोर्च्यावर लाठीचार्ज. बँकेत जमिनीवर चार्ज. सहा ठिकाणी सहा गोष्टी, आणि तोंडात एकच शब्द.

इंग्रजीला त्याचं काही वाटत नाही, कारण तिच्या लेखी या गोष्टी एका घरातल्या आहेत. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरणं, लादणं असं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि 'चार्ज' झालं. 'कार' आणि 'कार्गो' हे त्याचे भाऊबंद. लादणं हा मूळ अर्थ एकदा हाती लागला की बरंचसं उलगडतं. बंदुकीत दारू भरली तो चार्ज, विजेच्या घटात वीज भरली तोही चार्ज. माणसाच्या खांद्यावर काम टाकलं, खिशावर पैशाचा भार टाकला, नावावर गुन्हा टाकला. बैलगाडी एकच, माल निराळा.

एका शब्दाला अनेक अर्थ असणं यात वावगं काही नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी २०११ मध्ये 'रन' या शब्दाची नोंद नव्यानं लिहिली, तेव्हा त्याच्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. आपलं 'लागणे' तरी काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, नाद लागतो, पैसे लागतात, आणि तो तुमचा कोण लागतो हेही आपण विचारतो. मराठी माणूस यात कुठेही अडखळत नाही. अडखळतो तो 'लागणे' म्हणजे अमुक एकच, असं वहीत लिहून घेणारा परका विद्यार्थी. दुर्दैवानं आपली कार्यालयं इंग्रजीपुढे या परक्या विद्यार्थ्यासारखीच बसतात.

मी स्वतः त्या बाकावर बसलेलो आहे, म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बँकेच्या कर्जाचे कागद मराठी करायला माझ्याकडे आले. शेतजमीन तारण होती, आणि तिच्यावर बँकेचा 'फर्स्ट चार्ज' राहील, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत पहिला हक्क बँकेचा, अशा अर्थाचं वाक्य इंग्रजीत होतं. मी 'जमिनीवर बँकेचे प्रथम शुल्क राहील' असं लिहून मोकळा झालो. चार्ज म्हणजे शुल्क, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की पेन थांबलंसुद्धा नाही. कागद छापून झाले, वाटून झाले. महिन्याभरानं मला बोलावणं आलं. गेलो तर टेबलापुढे काटोलकडचे एक संत्रा बागायतदार बसलेले. त्यांचा प्रश्न साधा होता: हे पहिलं शुल्क किती, आणि दुसरं केव्हा भरायचं? मी कागद बघितला आणि कानशिलं तापली. तिथले निवृत्तीला आलेले एक कर्मचारी काही बोलले नाहीत. त्यांनी लाल पेन काढलं, 'प्रथम शुल्क' आडवं खोडलं आणि वर लिहिलं: पहिला बोजा.

"असं सांगा ना," बागायतदार काकाजी म्हणाले. "बोजा चढन, पैसे फेडले का उतरन."

सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात पिढ्यान्‌पिढ्या बोजे चढताहेत आणि उतरताहेत. ज्याच्या नावावर दोन एकर जमीन आहे त्याला बोजा समजावून सांगावा लागत नाही. आणि गंमत बघा, बोजा म्हणजे लादलेला माल. पहिल्यांदा हा शब्द वापरणाऱ्या महसुली कारकुनानं लॅटिन व्युत्पत्ती बघितलेली असण्याची शक्यता शून्य, तरी तो बरोबर त्याच बैलगाडीपाशी पोचला. कारण तो शब्दाकडे बघत नव्हता. जमिनीचं काय होतं आहे ते बघत होता.

त्या दिवसानंतर मी मावशींच्या 'आकारा'कडे जरा आदरानं बघू लागलो. भूमी अभिलेखाच्या कार्यालयात 'आकारबंद' नावाची नोंदवही असते. गावातल्या कुठल्या सर्व्हे नंबरचं क्षेत्र किती आणि त्यावर सारा किती बसवला, ते तिच्यात असतं. तिथला आकार म्हणजे तोच, ठरवून बसवलेली रक्कम. आकारणी, घरपट्टी आकारणे, दंड आकारणे, हे सगळं त्याच मुशीतलं. म्हणजे बिलावर 'आकार' लिहिणाऱ्यानं काही गाढवपणा केलेला नाही. उलट मी 'शुल्क' लिहिलं असतं तर मोठाच घोळ झाला असता, कारण त्याच बिलात खाली 'वीज शुल्क' अशी वेगळी ओळ असते आणि घरगुती ग्राहकाला ते सोळा टक्के लागतं. आकार ही विजेची आणि ती पुरवण्याची किंमत. तिचे दर वीज नियामक आयोग ठरवतो. शुल्क हा राज्य सरकारचा कर. तक्रार करायची तर दोन्हींचे दरवाजे निराळे. मराठी बिलात हा फरक शाबूत आहे. बोलताना आपण दोन्हींना चार्ज म्हणतो आणि तो पुसून टाकतो.

'वहन आकार' तर मला आता आवडूच लागला आहे. तारांच्या जाळ्यातून वीज आपल्या घरापर्यंत आणायचे पैसे म्हणजे इंग्रजीत 'व्हीलिंग चार्ज'. व्हील म्हणजे चाक, आणि चार्जच्या पोटात गाडी. मराठीत 'वहन', ज्याच्यावरून 'वाहन'. दोन भाषांतल्या दोन अनोळखी माणसांना एकच चित्र दिसलं. मी हे मावशींना सांगायचा प्रयत्न केला. व्युत्पत्ती त्यांनी सरळ कानाआड केली, पण मुद्दा झटक्यात पकडला: "म्हणजे गाडीभाडं." हो, गाडीभाडंच.

आता मूळ प्रश्न. शासकीय मराठी लोकांना कळत नाही, यावर नागपुरात काय आणि पुण्यात काय, सगळ्यांचं एकमत आहे. कारण म्हणून दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, ती संस्कृतनं बोजड झाली. दोन, लोकांना इंग्रजी शब्द सवयीचे झाले, मग उगाच मराठी लादता कशाला. मला दोन्ही पटत नाहीत.

संस्कृतचंच बोलायचं तर नागपूर यात जुनं मुरलेलं आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी इथे होती तेव्हा डॉ. रघुवीर याच शहरात बसून इंग्रजी-हिंदी पारिभाषिक शब्दांचे अवाढव्य कोश रचत होते. संस्कृतचे धातू घ्यायचे, उपसर्ग-प्रत्यय जोडायचे आणि हवा तो शब्द घडवायचा, ही त्यांची रीत. त्यांच्या नावावर कितीतरी विनोद खपवले गेले. पण आज अधिनियम, नियम, विनियम असे तीन शब्द वापरून आपण तीन निरनिराळ्या गोष्टी सांगू शकतो, तो या घराण्याच्या मेहनतीचाच फायदा. आणि संस्कृत शब्द लोकांत रुजत नाही, असं ज्याला वाटतं त्यानं विदर्भात येऊन 'अनुशेष' हा शब्द उच्चारून बघावा. १९८३ मध्ये राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजायला दांडेकर समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला, आणि तेव्हापासून हा शब्द पानठेल्यापर्यंत पोचला. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकरभरतीतला अनुशेष. 'बॅकलॉग' म्हणणारेही आहेत, पण भाषणात टाळी अनुशेषालाच पडते. शब्द संस्कृत आहे की फारसी, हे लोक बघत नाहीत. तो आपल्या कोणत्या दुखण्याचं नाव आहे ते कळलं की तो तोंडात बसतो. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी अर्ज, तारीख, हजर, वकील हे शब्द कुठेही गेले नाहीत. कारण अर्ज कशाचा, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. 'चार्ज'च ठेवा, लोकांना कळतं. कळतं का? मावशींना शब्द ओळखीचा आहे, आणि ओळखीचा आहे म्हणूनच त्यांना प्रश्न पडला नसता. बिलात 'फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज, व्हीलिंग चार्ज' असं देवनागरीत छापलं असतं तर त्यांनी 'चार्ज लावले' असं म्हणून पैसे भरले असते. 'आकार' खटकला, म्हणून त्या चार घरं ओलांडून आल्या. अवघड शब्द माणसाला निदान विचारायला लावतो. सवयीचा झालेला परका शब्द त्याला गप्प करतो. दवाखान्याचं बिल एकदा या नजरेनं बघा. खोलीभाडं, तपासणीची फी, सामानाची किंमत आणि 'इतर चार्जेस'. पहिल्या तिन्हींवर नातेवाईक हुज्जत घालतात. चौथ्यावर कोणी बोलत नाही, कारण तिथे बोलायला अर्थच शिल्लक ठेवलेला नसतो.

लाठीचार्जचंही तेच. 'लाठीमार' म्हटलं की लाठी आणि मार दोन्ही दिसतात. लाठीचार्जमध्ये मार दिसेनासा होतो. (मराठी बातमीदारांनी यावरही तोडगा काढला आहे: 'सौम्य लाठीमार'. सौम्य कोणाच्या बाजूनं, ते आजवर कोणी लिहिलेलं नाही.) या शहरात हा शब्द हलक्यानं वापरू नये. २३ नोव्हेंबर १९९४ ला, हिवाळी अधिवेशन चालू असताना, गोवारी समाजाच्या मोर्च्यात लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. बर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहीदांचं नाव आहे, आणि त्याच्यावरून रोज जाणाऱ्या कित्येकांना ती मागणी काय होती ते माहीत नाही. मागणी एका नोंदीच्या अर्थाची होती. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलेलं आहे. ते आम्हीच, असं गोवारींचं म्हणणं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ते मान्य केलं. २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. यादीतल्या नोंदीचा अर्थ न्यायालयाला बदलता येत नाही, आणि गोंड गोवारी ही गोंडांची पोटजमात आहे, असं सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं पडलं. निकालाच्या बऱ्या-वाईटात मी इथे शिरत नाही. पण कागदावरच्या दोन शब्दांचा अर्थ कुठला घ्यायचा, हा प्रश्न कोशकारांच्या चैनीचा आहे असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा त्या पुलाखाली उभं राहावं.

न्यायालयातल्या चार्जबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे, तीही मांडून टाकतो. पोलिसांच्या कागदांत चार्जशीटला 'दोषारोपपत्र' म्हणतात. त्या शब्दात आरोपाच्या आधी दोष येऊन बसतो. खटला अजून उभा राहायचा असतो, न्यायाधीशांनी आरोप निश्चित करायचे असतात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मात्र ऐकलेलं असतं: त्याच्यावर दोष ठेवला. इंग्रजी शब्दात फक्त लादणं आहे, सिद्ध होणं नाही. वर्तमानपत्रं बऱ्याचदा नुसतं 'आरोपपत्र' लिहितात. मला तेच न्याय्य वाटतं. म्हणजे इथे शब्द अवघड नाही, सोपाच आहे, पण पुढे जोडलेल्या एका 'दोषा'नं माणूस आधीच गुन्हेगार ठरतो. अनुवाद कळतो की नाही एवढंच बघणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही.

तेव्हा रोग असा आहे: आपण इंग्रजी मसुदा समोर ठेवतो, त्यातला शब्द उचलतो, कोश उघडतो आणि पहिला पर्याय घेतो. वाक्य कोणत्या खात्याचं, कोणाच्या हातात पडणार, त्यानं ते वाचून काय करायचं आहे, हे विचारतच नाही. आता तर कोश उघडायचे कष्टही नाहीत. यंत्र एका सेकंदात पानभर मराठी ओतून देतं, आणि त्या पानात जमिनीवर शुल्क, अधिकाऱ्यावर आकार आणि बॅटरीत पदभार असं काहीही सापडू शकतं. माझ्या त्या चुकीसारख्या चुका पूर्वी एकेका अनुवादकाच्या हातून, एकेका कागदावर व्हायच्या. आता त्या ठोक भावात होतील.

सगळीकडे मराठी शब्दच हवा असाही माझा हट्ट नाही. फोन चार्जच करावा. त्याला 'प्रभारित' करायला निघालेल्या माणसाला मी दारातूनच परत पाठवीन. विद्युत प्रभार भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शोभतो, तिथे तो राहू द्या. साहेबांकडे पदभार असो की चार्ज, फार बिघडत नाही. खुर्ची रिकामी असते हे दोन्हींमध्ये सारखंच कळतं. पण जिथे पैसा, जमीन किंवा माणसाची अब्रू गुंतलेली आहे, तिथे शब्दानं नेमकं बोललंच पाहिजे. आणि तिथला नेमका शब्द बहुतेक वेळा आपल्याकडे आधीपासून आहे. तो तलाठ्याच्या दप्तरात, जुन्या बँक कर्मचाऱ्याच्या लाल पेनात, कोर्टाबाहेर टायपिंग करणाऱ्याच्या टेबलावर पडलेला असतो. कोशात तो नसेलच असं नाही, पण चौथ्या-पाचव्या पर्यायावर असेल, आणि तिथपर्यंत जायला कोणाला वेळ नसतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. व्हरायटी चौकात पेढे वाटावेत असाच तो दिवस होता, मला त्याचा आनंदच आहे. पण अभिजातपणा सिद्ध करायला आपण दोन हजार वर्षं मागे गेलो, आणि बिलाच्या मागच्या बाजूला 'वहन आकार म्हणजे वीज तुमच्या घरापर्यंत आणण्याचे भाडे' अशी एक ओळ छापायला मात्र आपल्याला जागा सापडत नाही.

भाषा संचालनालयाचं विभागीय कार्यालय नागपुरात आहे. माझी सूचना फार खर्चिक नाही. नागरिकांच्या हातात पडणारा कुठलाही नवा नमुना, मग ते बिल असो, नोटीस असो की कर्जाचा करार, पक्का करण्याआधी त्याचा मसुदा घेऊन एका माणसानं बाहेर पडावं. बरोबर कोश नेऊ नये. सकाळी साडेअकराच्या सुमारास बिल भरण्याच्या कुठल्याही रांगेत उभं राहून तो दहा जणांना वाचून दाखवावा, आणि प्रत्येकाला एकच विचारावं: यात तुम्हाला काय करायला सांगितलं आहे? आमच्या मावशी बहुधा तिसऱ्या-चौथ्या नंबरवर सापडतील. त्यांना थोडा जास्त वेळ द्यावा लागेल.